मनी अंधार

कॅनडा कॉर्नरला, चष्म्याच्या दुकानावर,
जिना चढून डावीकडे आमचं ऑफिस.
मिनिटाला दोन रुपये चाळीस पैसे.
मशीन ऐकतं आणि लिहितं,
मी पुन्हा ऐकते आणि त्याचं लिहिलेलं तपासते.

आरोग्य हेल्पलाइनचे कॉल. सटाणा, देवळा, कळवण.
मागे कोंबडी, कुकर, कुणाचा तरी खोकला.
कळलं नाही तर टाकायचं : अस्पष्ट.
बागूल सरांनी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलंय,
अस्पष्टचेही पैसे मिळतात.

परवा एक फाईल उघडली.
मशीननं लिहिलं होतं :
मनी अंधार, ताप असे.
खालच्या रकान्यात, मानसिक आरोग्य.
प्राधान्य, साधारण.

सगळे जमले स्क्रीनभोवती.
देवयानी म्हणाली, “अगं, हे कविता करतंय!”
सर म्हणाले, “आता बोला. मन असल्याशिवाय
सुचेल का असं?”
सुश्रुत म्हणाला, “मन बिन काही नाही, नुसती आकडेमोड.
पोपटाला निदान पेरू तरी कळतो.”
जुंपलं दोघांचं.
मग चहा आला,
आणि भाषेचा प्रश्न तेवढ्यावर मिटला.

मी हेडफोन लावला.
बाई घाईत होती, पण रडत नव्हती.
“मनी आंडेरले ताप शे.”

पुन्हा ऐकलं. गरज नव्हती तरी.

आंडेर. लेक.
माझ्या लेकीला ताप आहे,
एवढंच सांगत होती ती.

हा शब्द आई ओझरपर्यंतच वापरायची.
सटाण्याहून येताना एसटीत
शेजारच्या बाईला सांगायची, “हाई मनी आंडेर.”
विमानाचा कारखाना मागे पडला की गप्प.
आडगाव नाक्याला केस सारखे करायची,
माझेही.
आणि ठक्कर बाजारला उतरलं की
“ही माझी मुलगी.”
त्या पाऊण तासात माझी मुलगी व्हायची.
मला वाटायचं, बढती मिळाली.

सहावीत निबंधात एकदा आंडेर लिहिलं.
बाई रागावल्या नाहीत.
लाल पेनानं गोल केला, शेजारी बारीक अक्षरात,
असा शब्द नाही.

मशीनवर चिडणार होते मी.
पण ते आमच्याच वह्या वाचून शिकलंय.
तिथं अंधार पोत्यानं सापडला असणार,
मनी तर ओळीआड एक.
आंडेर कुणी ठेवलीच नव्हती.
मग नव्या सुनेसारखं,
अनोळखी डाळ हाती आली तशी
सारख्या दिसणाऱ्या डब्यात ओतून मोकळं झालं.

नियम सात : प्रमाण मराठीत लिहा.
लिहिलं, माझ्या मुलीला ताप आहे.
बरोबर होतं. डॉक्टरला कळलं असतं.
खोडलं.
मनी आंडेरले ताप शे, लिहिलं.
आंडेरखाली लगेच लाल नागमोडी रेघ आली.
सहावीतला गोल,
इतक्या वर्षांत सरळही झाला नव्हता धड.

शेवटी दोन्ही ठेवलं, एकाखाली एक.
रकाना बदलला. प्राधान्य, तातडीचं.
मग कॉलची तारीख पाहिली.
अठरा दिवस झाले होते.

पोरीचा ताप उतरला का,
हे कुठल्याच रकान्यात येत नाही.
सुश्रुतला विचारलं, कॉल परत लावता येतो का.
तो म्हणाला, “नंबर पुसलेले असतात,
प्रायव्हसी.”

संध्याकाळी जिन्यातच उभं राहून
सिडकोत घरी फोन लावला.
“कोण?”
“मी. तुनी आंडेर.”

पलीकडे काहीच नाही.
मशीननं लिहिलं असतं, शांतता, चार सेकंद.
मी ते तसंच पास केलं असतं.

मग आई,
घाबरलेली, अगदी स्वच्छ मराठीत,
“असं का बोलतेस? बरी आहेस ना?
ताप तर नाही ना आला?”