पांढरा पट्टा

शेपूट बघ आधी, बाबा म्हणाले.
पाळलेल्याची वळते,
रानातल्याची लोंबते सरळ,
टोकाला केसांचा झुबका, उसवल्या दोरीसारखा.

टेक्सास. लवाका नदीचा काठ. पहाटेचे साडेचार.
आम्ही कुंपणाच्या तारेआड उकिडवे,
समोर ओटिलिया क्रेनेकचा मका,
म्हणजे परवा पेरलेलं आणि काल उकरलेलं बी.
ओळ धरून खातात, मधे एक दाणा चुकत नाहीत.
एकोणीस ओळी गेल्या, तिनं पावलांनी मोजल्या,
विसावी अर्धी.

खांदे उंच, पुठ्ठे उतरते.
कण्यावर राठ केस,
प्रत्येकाचं टोक दुभंगलेलं.
पिल्लांच्या अंगावर पट्टे, काही महिन्यांत पुसले जाणारे.
खालचा सुळा वरच्यावर घासतो
आणि नुसतं तोंड मिटताना धार लागते,
निसणा तोंडातच.
नराच्या खांद्यावर कातडीखाली ढाल असते,
बाबांच्या अंगठ्याएवढी जाड.
तिथं मारायचं नाही. कानामागं.

मी अकरा वर्षांची,
परीक्षेत न येणारं सगळं मला पाठ.

मग ती आली, कळपाच्या पुढे, एक मादी.
बाबांनी बंदूक उचलली
आणि नुसती उचललेलीच ठेवली.
काळ्या अंगावर, एका पुढच्या पायापासून
खांद्यावरून दुसऱ्या पायापर्यंत
पांढरा पट्टा.

आमच्या स्वयंपाकघरातल्या फोटोत
आजीच्या गुडघ्याला टेकून उभी आहे
तिलाही असाच.
पुराच्या रात्री आजीनं फाटक उघडलं होतं,
"जा, पोहा," म्हणाली चेक भाषेत,
डुकरांना तेवढीच भाषा कळायची.
बाबा नऊ वर्षांचे, छपरावर.
चौदा गेली. एकही परतलं नाही.
म्हातारपणी आजी आमची नावं विसरली,
त्या चौदांची नाही.

बाबांनी मारली. कानामागं.
बाकीची पळाली झाडीत,
शेपट्या एकदम उभ्या.

सोलताना दिसलं,
पट्ट्याखालची कातडीही गोरी होती.
बाबांनी तिचा एक कान चाचपला, मग दुसरा,
आमच्या घरची खाच शोधत.
इतक्या पिढ्यांनी कशी असणार?
खाच काही पोटातून उतरत नाही.

"चौदांतल्या कुणाची?" मी विचारलं.
त्यांनी सुरी गवताला पुसली.
"शेपूट बघ," म्हणाले.

बघितली. सरळच होती.
मी ती बोटाभोवती गुंडाळली, थोडा वेळ धरली,
सोडली.
सुटली.

दुपारी ओटिलिया मांडीचा वाटा न्यायला आली,
सोबत जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी,
बाबांचा हात दोन्ही हातांत धरून आभार मानले तिनं.
कातडं आम्ही आधीच पुरलं होतं.
पट्ट्याचं काही बोललो नाही.
एकोणीस ओळी आणि अर्धी,
हिशेब कुणाच्या दारात येतो ते
तिला लगेच कळलं असतं.