पायांची मापं

जूनच्या शेवटी परिपत्रक आलं:
विद्यार्थ्यांच्या पायांची मापं कळवावीत,
सेंटिमीटरमध्ये, दोन प्रतींत, तात्काळ.
शाळेत फूटपट्ट्या तीन. त्यातली एक शून्यापाशी तुटलेली.

म्हणून मी गेल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका काढल्या,
कोऱ्या बाजूवर एकेकाला उभं केलं
आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत पेन्सिल फिरवली.
आफरीनला गुदगुल्या झाल्या, रेघ भरकटली,
तिचा पाय कागदावर कोकण किनाऱ्यासारखा दिसतो.
सार्थक कुचेकर म्हणाला, "बाई, मला सहा बोटं आहेत.
सगळी काढायची?"
काढली. तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, कागदावर जागा होती.
शरणम्मानं आधी फरशीवर पाय पुसला,
मग ठेवला, देवघरात ठेवावा तसा.
बाप उंड्रीला सेंट्रिंगच्या कामावर, आई विटा वाहते.
एकोणीस पूर्णांक दोन.

ढमढेरे मामा कागद टाचत म्हणाले,
"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
हे तर पाय मोजून अंथरूण मागवतायत. बरंय की."

मग निविदा. मग फेरनिविदा. मग आचारसंहिता.
शिक्षण विभागात सपकाळ म्हणून कारकून आहे,
फाइल शोधता शोधता स्वतःचा डबा विसरणारा.
चौथ्या खेपेला तो मला म्हणाला,
"बुटांसाठी तुमच्या चपला झिजल्या, बाई,"
आणि हसला नाही.
तोही आमच्याच शाळेचा, सत्त्याऐंशीची चौथी.
अनवाणी यायचा,
हे त्यानं नाही, ढमढेरे मामांनी सांगितलं.

बूट आले जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात.
काळे, करकरीत.
दिवसभर वर्गांना सायकलच्या दुकानाचा वास.
पाय काही निविदेसाठी थांबले नव्हते.
मधल्या सुट्टीत मुलांनीच बाजार भरवला,
खिचडीची ताटं बाजूला सारून:
चौथीचे तिसरीला, तिसरीचे दुसरीला,
पहिलीचे घरी, धाकट्या भावंडांना.
चौथीला पुरले नाहीत. चौथी काही बोलली नाही,
तिला सवय आहे.
आणि तरी खोक्यात उरले सात जोड,
ज्यांचे पाय पटावर होते, शाळेत नव्हते.

शिल्लक साहित्य परत करावे, असा नियम.
सपकाळला फोन केला. थोडा वेळ नुसताच पंख्याचा आवाज.
"शिल्लक कसली लिहिताय? पोरं शोधा.
शनिवारी मीही येतो."

उंड्रीच्या इमारतीत आता पडदे लागले होते.
पहारेकऱ्यानं वाघोलीच्या दिशेला हनुवटी केली.
वाघोलीत पत्र्याच्या रांगा, रांगांमध्ये दोऱ्या,
शेवटच्या दारात शरणम्मा, कडेवर भाऊ.
मी तिचाच कागद जमिनीवर पसरला.
तिनं पाय पुसला. ठेवला.
रेघेच्या बाहेर बोटभर.

सपकाळ उकिडवा बसला होता, हातात बूट,
त्या बोटभर पायाकडे बघत.
भाऊ खाली उतरला आणि दुसऱ्या बुटात
कोपरापर्यंत हात घालून बसला.

शरणम्मानं कागद उलटा केला.
मागे कुणाची तरी बेरीज:
सातशे त्रेपन्न अधिक एकशे अठ्ठावन्न, बरोबर आठशे एक.
त्यावर माझीच लाल फुली.
ओठांतल्या ओठांत तिनं कानडीत मोजलं,
मग मराठीत म्हणाली,
"बाई, ह्यानं हातचा घेतलाच नाही."

बाकी सहांचे पत्ते पिशवीत होते, ऊन चढत होतं,
वाघोलीची शाळा तिथून अर्धा तास, वाटेत डंपर.
सपकाळनं खिशातलं पेन तिला दिलं.
मग त्याला आठवलं, अर्ज भरायला तेच एक पेन आहे.
तो थांबला.
आम्ही सगळेच थांबलो.
ती पाचाच्या डोक्यावर एक लिहीत होती,
बारीक, सावकाश.