उणे दहा

ओजसच्या खेळात एक म्हातारा पुलावर अडलेला असतो.
निळं बटण : हात दे. तांबडं : ढकल.
ओजस गंमत म्हणून ढकलतो.
पडद्यावर उमटतं, पुण्य उणे दहा,
आणि त्याच्या वीराला बारीकशी शिंगं फुटतात.
मग तो सेव्ह केलेल्या जागी परत जातो,
त्याच म्हाताऱ्याला हात देतो.
शिंगं गळतात.

दौलतगंजात माझं झेरॉक्सचं दुकान.
पौषातलं धुकं शटरखालून आत शिरलेलं,
तेव्हा माहूरकरकाका मृत्युपत्र घेऊन आले.
"तीन प्रती. आणि वाचू नकोस."
कागद सरळ लावताना डोळा पडतोच.
वृंदाचं नाव नव्हतं.
वृंदा, जी त्यांना न्हाऊ घालते,
त्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती
माझ्याकडूनच नेते, उधारीवर.

संध्याकाळी ती आली.
मी सांगितलं.

तिनं सुटे पैसे मोजून सगळी उधारी फेडली,
छत्तीस रुपये,
आणि रात्रीच्या गाडीनं झाशीला निघून गेली.

काकांचा डबा आता मीच नेतो.
ते विचारतात, "पोरीला कुणी काय सांगितलं रे?"
मी वरणाचं झाकण उघडतो, ते घट्ट बसलेलं असतं.

एकदा ओजसला विचारलं,
असं कुणी केलं तर किती? अधिक की उणे?
स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला,
"मामा, बटण कुठल्या रंगाचं होतं ते आधी सांग."

दुकानात काचेखालून हिरवा उजेड सरकतो,
मार्कशीट, भाडेकरार,
हरवलेल्या कुत्र्याचा फोटो,
सगळ्यांखालून सारखाच,
आणि मुकाट मागे येतो.