स्थानिक नाव

बळ्ळारी नाल्याच्या अलीकडं, वडगाव शिवारात
भात कापून झालंय, मसूर अजून वर यायचाय,
मध्येच कुणीतरी पाइपसाठी चर खणून
माती तशीच टाकून गेलंय.
त्या मातीवर हे.

चार बोटं उंच, तीही माझी.
पानं हिरवीच असावीत,
पण वरून कुणी पिंजलेला कापूस फिरवल्यासारखी पांढरट.
शेंड्याला वाळक्या गवताच्या रंगाच्या गाठी.
पाकळी म्हणावी असं काही नाही.

उकिडवी बसले, भिंग काढलं.
चपलेच्या पट्ट्यातून गार चिखल वर आला.

ओसाडी नाही, तिला निळी झाक असते.
सहदेवी जांभळी, आणि अंगानं सडपातळ.
भामुर्डा असेल म्हणून पान चुरगळलं.
तो असता तर बोटांना कापराचा उग्र वास
जेवायला बसेपर्यंत राहिला असता.
बोटांना काहीच नाही.
नुसता एक तंतू, कोळ्याच्या धाग्याइतका,
लांबत गेला, लांबत गेला, तुटला.

गाठीभोवतीची कवचं पातळ, कोरडी,
पतंगाच्या कागदासारखी.
पानाला देठ नाही,
बूडच खोडाला बिलगलेलं.

मोबाइलनं तीन नावं सांगितली.
पहिल्यावर एकसष्ट टक्के भरवसा, तिसऱ्यावर चार.
मराठी नावाच्या जागी आडवी रेघ.

कॉलेजात अष्टेकर सर म्हणायचे, ग्नाफॅलियम.
लिहिताना ग, म्हणताना मुका.
अर्थ, लोकरीचा पुंजका.
आणि स्वतःच्या कानातले केस दाखवायचे.
कूळ सांगून व्हायचं,
जात यायच्या आत बेल.

"काय हुडकालीस गं? पैसा पडला काय?"
शेळ्या घेऊन सावंत्रव्वा.
मी रोप पुढं केलं.
तिला जवळचं दिसत नाही,
तिनं ते गालाला लावून बघितलं.
"हत्ती हूवु," म्हणाली,
आणि बांधावरून खाली उतरली.
मागच्या शेळीनं हुंगलं. खाल्लं नाही.

हत्ती!
चरातल्या मातीवर चार बोटांचा हत्ती.
मी नाल्यापर्यंत एकटीच हसत गेले.
मग पुलावर आठवलं,
तिच्या हत्तीला सोंड नसते.
तिच्या हत्तीचं सूत आमच्या बोळात
टेम्पोतून उतरतं, शिडीनं माळ्यावर चढतं.
तोच हत्ती बारा तास मागावर फिरवून
बाबा रात्री घरी यायचे.
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
कानाच्या पाळीवरची लवसुद्धा.
आई उंबऱ्यावरच थांबवायची,
टॉवेलनं झटकायची,
आधी डोकं, मग खांदे, मग मान.
धाकटा रडायचा, हा कोण म्हणून.
मी मात्र खोकल्यावरून ओळखायची,
बोळाच्या तोंडाशी असतानाच.

घरी येऊन रोप वर्तमानपत्रात पसरलं,
एक पान मुद्दाम उलटं ठेवलं, पाठ दिसावी म्हणून.
वर साडीच्या घडीतला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर पाटा, पाट्यावर वरवंटा.
चिठ्ठी लिहायला घेतली.
जमीन: ओलसर, उकरलेली.
वास: नाही.
शास्त्रीय नाव: पेन्सिलीनं, पुढं प्रश्नचिन्ह.
स्थानिक नाव: हत्ती.
हे शाईनं. कोणाची भाषा, असा रकाना
सुदैवानं चिठ्ठीत नव्हता.

चौथ्या दिवशी कागद बदलायला उघडला.
गाठींचा पिवळा तसाच होता,
पान मात्र कागदाला धरून बसलेलं.
उचलताना थोडी लोकर निघाली,
एका जाहिरातीवर राहिली, थोडी माझ्या बाहीवर.
स्वयंपाकघरातून येताना आईनं बघितलं,
काही विचारलं नाही.
दोरीवरचा टॉवेल ओढून घेतला.