पेला आणि पत्रिका

कोळी दिसला की मी झाडू शोधते,
मगदूम काकू पेला शोधतात.

गावभागात राहायला आलो त्याच आठवड्यात
मोरीच्या दारावर पंजाएवढी एक, चपटी,
पोटाशी रुपयाएवढी पांढरी टिकली धरून.
मी किंचाळले. काकू जिना उतरून आल्या, ओल्या हातांनी.
"टिकली कसली, अंडी हाईत तिची.
झुरळं खाती ती. माणूस न्हाई खात."
पेला उपडा घातला, खालून हळूच सरकवली
लग्नपत्रिका, जाड, सोनेरी कडेची,
आणि पाहुणी गेली पेरूच्या बुंध्यावर.

मग ओळखी होत गेल्या.
माळ्यावरचा, दोऱ्याएवढ्या तंगड्यांचा,
फुंकर मारली की सगळा थरथरतो.
खिडकीतला बुटका, अख्खं अंग वळवून आपल्याकडेच बघतो.
माझ्या दंडावर फोड उठले, मी म्हणाले कोळी मुतला,
काकूंना हसू आवरेना.
"एवढं पाणी कुठनं आणंल ते? डॉक्टरला दाखीव."

मार्गशीर्षात, बंबाच्या लाकडांमागं
एक जाळं सापडलं. ना गोल ना चौकोनी,
रागात विणून टाकल्यासारखं.
काडी लावली, तर धागा तटकन वाजला.
आत ती. काळी, चकचकीत, पाठीवर लाल,
गुंज कुणी उलटी रंगवावी तशी.
आणि बाळ रांगत माझ्या मागोमाग.

काकूंच्या हातातला पेला तसाच राहिला.
"मागं हो," एवढंच म्हणाल्या.
नंतर, डोळे तिच्यावरच ठेवून,
"चावली तर बांधायचं न्हाई. चुना न्हाई, हळद न्हाई.
साबणानं धुवायचं, बर्फ धरायचा, सरळ सिव्हिल गाठायचं."
लांब चिमट्यानं तिला लोणच्याच्या बरणीत घेतलं.
आण्णा म्हणाले, नदीपलीकडं सोडून येतो.
मी म्हणाले, तिथंही कुणाचं तरी पोर रांगत असेल.
कोणीच काही बोललं नाही.

होळीपर्यंत ती बरणी काकूंच्या सज्जात होती,
झाकणाला दाभणानं पाडलेली भोकं,
दर दोन दिवसांनी कोण जाणे कुठून एक माशी.
मारायचं नाही, सोडायचंही नाही.
एके सकाळी बरणी धुऊन पालथी घातलेली दिसली.

लाकडं आता भिंतीपासून हातभर लांब रचते.
मोरीच्या भोकाला जाळी, उंबऱ्याच्या फटीत काथ्या,
दारावरचा दिवा नऊला बंद, किडे नाहीत तर कोळी कशाला येतील.
नवरा बूट घालण्याआधी दोनदा आपटतो,
खालच्या मजल्याला वाटतं आम्ही भांडतोय.

काकूंनी मलाही दिल्यात पत्रिका, वीसेक.
अजून गठ्ठा आहे, म्हणाल्या, कपाटात.
चि. सौ. कां. सुप्रभा. तारीख चार वर्षांपूर्वीची.
सुप्रभाताई रोज सव्वासातला मिरजेच्या शाळेत जाते,
जिन्यात भेटली की बाळाचा गाल ओढते.

मी अक्षरांची बाजू खाली धरते.
पेला उपडा, पत्रिका हळूच.
पाय अडकू नये कुणाचा.