मानस

गोणी मोजायची वही होती ही,
आता हिच्यात बाबांचं वजन लिहिते.
मागच्या पानांवर त्यांचंच अक्षर:
"४२, म्हापसा." "१७, कोरगावचा माडवाला, उधार."

सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, पेजेच्या आधी,
ते काट्यावर चढतात
आणि आकडा मला विचारतात.
पोट आडवं येतं म्हणतात.
खाली वाकून बघायचं नसतं, एवढंच.

डॉक्टर कुलासोंनी चित्र काढून सांगितलं:
हृदय दमलंय, मूत्रपिंड रुसलंय,
मीठ अंगात राहतं आणि पाण्याला धरून ठेवतं.
तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच या.
बाबा म्हणाले, "म्हणजे मानस बिघडला.
भरती आत येते, ओहोटीला दार उघडत नाही."
डॉक्टर फोंड्याचे, वरच्या अंगाचे.
मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार
हे मला सांगावं लागलं.

आगरवाड्यात वाफ्याचा चिखल
बाबा पायांनी तुडवायचे.
टाच उमटेनाशी झाली की म्हणायचे, झाला.
आता मी त्यांच्या घोट्यावर बोट दाबते,
वीस मोजते.
खळी तशीच.
"खातो एवढंसं आणि वाढतो,"
ते पायांकडे बघून कुरकुरतात,
पाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

शिगम्याला आठ दिवस असताना पहिलं मीठ धरलं.
त्याच आठवड्यात काटा दोन किलो तीनशे वर.
रोहिदासला विचारलं, तो फळी धुवत राहिला.
मग कळलं: रोज पहाटे बांधावर चाखणं,
परतताना सुमतीवहिनीकडे पेज,
पेजेबरोबर खारातली तोरं.
"चाखल्याशिवाय मीठ विकतात काय?"
ओरडले, आणि अर्ध्यातच दम लागला.

दोन रात्री इस्पितळात, सुया,
बाटलीत मोजलेली लघवी.
चार किलो उतरले.
एवढी कळशी आत घेऊन
माणूस बांधावरून चालत होता.

आज ओसरीवर खुर्ची.
रोहिदास पानावर चिमूटभर घेऊन आला.
बाबांनी पान हातात घेतलं, उन्हाकडे धरलं,
दाणा बोटांत चुरडला,
बोट ओठापर्यंत नेलं,
लुंगीला पुसलं.
पान माझ्याकडे.

"कडू," मी म्हटलं.
"कुठे? टोकाला की मागे?"
मला कधी कुणी विचारलं नव्हतं.
जीभ टाळूला लावून थांबले.
"मागे."
"मग अजून एक दिवस निथळू दे,"
ते रोहिदासला म्हणाले,
आणि मला, "परत चाख. घाई करू नकोस."