जॉब नंबर ४११

उद्यमनगरात बाबालाल मुल्लाणीच्या लेथवर
तांबं फिरतंय. त्याची साल निघते आहे
एकसंध, चकाकती, हात लावला तर पोळेल अशी.
"ह्यात ठेवणार काय?"
मी म्हटलं, थंडी.
तो हसला नाही. मायक्रोमीटर पुसला, परत मोजलं.
"मग झाकण एवढं घट्ट कशाला? थंडी काय पळून जाती व्हय?"
पळत नाही, चाचा. बाहेरची ऊब आत शिरते.
"आसं सांग की. ऊब अडवायची हाय."

पोस्टडॉकच्या दुसऱ्या वर्षात
माझ्या कामाची इतकी नेमकी व्याख्या
कुणी केली नव्हती. मीही नाही.

माळावरच्या प्रयोगशाळेत क्रायोस्टॅट उभा असतो,
डब्यात डबा, त्यात डबा.
सगळ्यात बाहेरच्यावर डिसेंबरची दुपार,
आत चार केल्विन, मग एक,
मग एकाचा दहावा हिस्सा.
तिथवर उतरायला तीन दिवस लागतात.
पंप टिटवीसारखा चिरकतो सेकंदासेकंदाला
आणि दाजी वसगडे हेलियमचा दाब वहीत लिहितो,
पेन्सिलीनं, कारण पेनांवर त्याचा विश्वास नाही.

कोग्याचा माझा मामा गुळव्या होता.
पळीभर पाक गार पाण्यात सोडायचा,
बोटांत गोळी फिरवायचा, डोळे भलतीकडेच,
आणि एकदम ओरडायचा, "उतरवा!"
जरा आधी काकवी. जरा उशीर, तर करपलेलं ढेकूळ.
माझा संवेदक
त्या ओरडण्यावरच बसवलेला आहे, दिवसरात्र.
धड अतिवाहक नाही, धड साधा धातू नाही.
नावापुरती ऊब लागली तरी घसरतो,
आणि तो किती घसरला
एवढंच मला मोजायचं आहे.

मामाला सांगून पाहिलं होतं, तो अंथरुणाला खिळला तेव्हा:
एक उजेड आहे, तेराशे ऐंशी कोटी वर्षांपूर्वी निघालेला,
निघताना तुझ्या काहिलीखालच्या जाळाहून तापलेला,
आता येतो तो पावणेतीन अंशावर,
बर्फसुद्धा त्याच्यापुढं निखारा.
मामा बराच वेळ आढ्याकडं बघत राहिला.
"एवढ्या लांबनं आलंय," म्हणाला,
"गार व्हायचंच की."

तिसऱ्या रात्री आलेखावर उंचवटा आला.
मग दुसरा. मग वीस मिनिटं काही नाही. मग तिसरा.
गळती म्हणावी तर दाब ठीक.
तारा तपासल्या, जमिनीची जोडणी तपासली,
मनातल्या मनात सगळे स्क्रू पुन्हा आवळले.
दाजी दार उघडून बाहेर उभा राहिला, आणि हाक मारली.

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता,
मागं दोन ट्रॉल्या, छातीत धडधडेल एवढा साउंड लावलेला,
ड्रायव्हर एकटाच, मफलर बांधून,
जागं राहायला गाणी ऐकत.

वहीत लिहिलं: दोन वाजून दहा, ट्रॉली.
दोन वाजून एकतीस, ट्रॉली.
विश्वाच्या पहिल्या उजेडासाठी बनवलेलं यंत्र
रात्रभर कारखान्याकडं जाणारा ऊस मोजत होतं
आणि अगदी बरोबर मोजत होतं.
मला वाईट वाटायला हवं होतं.
मी दाजीला चहा टाकायला सांगितला.

कंत्राट मार्चअखेर संपतं. हंगामही तेव्हाच.
मुदतवाढीचं अजून काही कळलेलं नाही.
आई फोनवर म्हणते, "मी येतो गं बघायला तुझी फ्रीज,"
आणि मी म्हणते, ये, पण बांगड्या काढून ये.

परवा यंत्र परत खोललं, खालच्या पायांना रबर लावायला.
हातमोजे घालून झाकण उलटं केलं
तर आतल्या बाजूला, कडेला,
बारीक पंचानं ठोकलेलं: ४११.
बाबालालच्या वहीत बघितलं मग.
४१० कुणाच्या तरी विहिरीवरच्या पंपाचा शाफ्ट,
४१२ गुऱ्हाळाच्या चरकाचा बुश.
४११ समोर त्यानं लिहिलंय
"पोरीचं झाकण",
आणि रकमेच्या रकान्यात
अजून काहीच नाही.